मेमोरियल डेच्या आधी सिरॅमिक ग्रिलची सफाई

न्यू जर्सीत हिवाळाभर आच्छादनाखाली राहिलेले सिरॅमिकचे कोळशाचे ग्रिल मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, पाहुण्यांसाठी पेटवायचे असेल, तर ते निदान आठवडाभर आधी उघडावे; आदल्या रात्री उघडून काही साधत नाही. जाळी घासणे, बाहेरून पुसणे, कोळशाची पिशवी आणून ठेवणे ही कामे सांगावी लागत नाहीत.

सांगावे लागते ते फायरबॉक्सबद्दल, म्हणजे ग्रिलच्या आत कोळसा धरणाऱ्या सिरॅमिकच्या भांड्याबद्दल. खालच्या दारातून राख ओढून काढली की ग्रिल साफ झाल्यासारखे दिसते, परंतु फायरबॉक्स आणि बाहेरची भिंत यांच्या मधल्या फटीत जी बारीक राख साचत जाते, ती त्या दारापर्यंत येतच नाही. राख ओलावा धरून ठेवते आणि थंडीत ढेकळासारखी घट्ट बसते. मग खालचे दार सताड, वरची झडप पूर्ण उघडी, कोळसाही भरपूर, तरी काटा ३५० फॅरनहाइटवरून हलत नाही आणि मॅरिनेट केलेले चिकन ट्रेमध्ये पडून राहते. तेव्हा कोळसा बदलू नये, वारा घालत बसू नये; फायरबॉक्स बाहेर काढून ती फट झाडून घ्यावी. तो जड असतो आणि आपटला तर तडकतो, म्हणून दोन्ही हातांनी सरळ वर उचलावा. परत बसवताना त्याचे खालचे तोंड दारासमोरच आले आहे ना, हे वाकून पाहावे; जरा फिरवून बसवला तर केलेली सफाई वाया जाते.

आत पांढरट बुरशी दिसली तर घाबरू नये आणि साबण तर मुळीच लावू नये. आतले सिरॅमिक सच्छिद्र असते, ते साबण शोषून घेते आणि पुढे तोच वास अन्नाला लागतो. तंदूर कोणी साबणाने धुतो का? उरलेला दमट कोळसा टाकून द्यावा, नवा पेटवावा आणि ५०० ते ६०० फॅरनहाइटवर अर्धा-पाऊण तास रिकामेच तापू द्यावे. पेटवण्यासाठी रॉकेलसारखे द्रव वापरू नये. कारण तेच, सिरॅमिक तेही पिते. ही आच चढता चढेना, तर फायरबॉक्स काढायचा राहिला आहे, असे खुशाल समजावे.

तापलेले झाकण एकदम उघडू नये. आधी दोन-तीन इंच उचलून क्षणभर थांबावे. आत हवेसाठी आसुसलेला विस्तव एकाएकी हवा मिळताच भडकून बाहेर झेपावतो, आणि भुवया जळतात त्या अशाच.

पूर्ण गार झाल्यावर झाकणाभोवतीच्या लोखंडी पट्ट्याचे नट पाना लावून आवळावेत. ते सैल राहिले तर झाकण उघडताना पट्ट्यातून निसटू शकते, आणि फुटलेले झाकण सांधता येत नाही. कडेच्या गॅस्केटची, म्हणजे झाकण घट्ट बसावे म्हणून लावलेल्या पट्टीची, परीक्षा डॉलरच्या नोटेने होते: नोट मध्ये ठेवून झाकण लावावे व ओढावी, अडखळत आली तर ठीक, सहज सुटली तर त्या जागी गॅस्केट झिजले आहे. बाहेरच्या चकाकीवरच्या केसाएवढ्या रेषांकडे दुर्लक्ष करावे.

तापमापक उकळत्या पाण्यात धरावा, २१२ दाखवायला हवे. ओतीव लोखंडाची जाळी असेल तर तेलाचा हात. राख दुसऱ्या दिवशीही झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच टाकावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, कारण निखारे आत जिवंत राहतात. मोसम संपल्यावर झडपा किंचित उघड्या ठेवाव्यात, म्हणजे बुरशी कमी धरते. आणि आच्छादन घालण्यापूर्वी फायरबॉक्स बाहेर काढून फटीतली राख तेव्हाही झाडावी.