क्लिनिकल सायकॉलॉजीची इंटर्नशिप: या चुका टाळा

एमए सायकॉलॉजीच्या मुलांच्या फायली हल्ली जाडजूड असतात. प्रमाणपत्रांची चळत, त्यातली बरीच ऑनलाइन, पैसे भरून घेतलेली. मुलाखतीत मात्र "एखाद्या पेशंटची हिस्टरी सांगा" म्हटलं की गाडी अडते.

सगळ्यात महागात पडतो तो इंटर्नशिप म्हणजेच पात्रता हा समज. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं, हे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच ठरवून दिलंय. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं शिक्षण लागतं. एमएनंतर कितीही ठिकाणी इंटर्नशिप केली तरी ती पाटी दारावर लावता येत नाही. त्यातून अशा मान्य शिक्षणात मोडणारं एमफिल. ती पदवीच बंद करायचं ठरल्यावर यूजीसीने या विषयाला 2025-26 पर्यंतच मुभा दिली होती. तेव्हा सीनिअरचा जुना सल्ला प्रमाण मानू नका. कोणत्या संस्थेत कोणता अभ्यासक्रम मान्य आहे, ते आरसीआयच्या यादीत स्वतः बघा.

मग इंटर्नशिपचा उपयोग काय? पुढे कुठे रमणार, हे तिथे कळतं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले रुग्ण दिसतात. हॉस्पिटलचं काम झेपेल का, याचा अंदाज अशा वॉर्डातच येतो. बालमार्गदर्शन केंद्रात बिने-कामत किंवा मालिनची बुद्धिमत्ता चाचणी कशी घेतात ते पाहिलेल्याला अध्ययन अक्षमता, विशेष शाळा ही वाट जवळची वाटते. (मालिन यांचं काम नागपुरातलं, हे नागपूरच्या मुलांनाही फारसं ठाऊक नसतं!) पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात गटासमोर बोलायची भीड चेपते. म्हणून सगळे महिने एकाच चकचकीत काउन्सेलिंग सेंटरमध्ये घालवू नका.

"आम्हाला नुसतं कोपऱ्यात बसवून ठेवतात" ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. पण त्यावर इलाज आहे. डॉक्टर हिस्टरी घेत असताना तुम्हीही मनात घेत राहा. घरी जाऊन एमएसई, म्हणजे मानसिक स्थितीची तपासणी, स्वतः लिहून काढा: दिसणं, बोलणं, मूड, विचार, भास, स्वतःच्या आजाराची जाण. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरना विचारा, "मॅडम, यात माझं काय सुटलं?" त्या कागदावर लाल शाई पडू लागली की इंटर्नशिप सुरू झाली असं समजा. पंधरा दिवसांतही कोणी तो वाचायला तयार नसेल, तर जागा बदला.

रुग्णाचं नाव-गाव तुमच्या वहीत नको, इन्स्टाग्रामवर तर नकोच. गोपनीयता हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तास, कामाचं स्वरूप, सुपरवायझरचं पद आणि आरसीआय नोंदणी क्रमांक मात्र रोज टिपून ठेवा. शिफारसपत्र शेवटच्या आठवड्यातच मागा. वर्षभराने गेलात तर तुमचा चेहराही त्यांना आठवणार नाही.