पावडर आजींच्या छातीत उतरली का?

बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाची मुलं येतात आणि म्हणतात, "मॅडम, कॅन्सरवर काम करायचंय, टॉपिक द्या." टॉपिक मी लगेच देत नाही. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, दोन्ही मोठी सरकारी हॉस्पिटलं. डॉक्टरांची परवानगी काढून छातीच्या ओपीडीत दोन सकाळी नुसतं बसून या, असं सांगते.

मी स्वतः हे फार उशिरा केलं. जीपॅट या प्रवेश परीक्षेच्या स्टायपेंडवर एम.फार्म. झालं आणि पीएचडीला ड्राय पावडर इन्हेलर, म्हणजे कोरडी औषधी पावडर श्वासानं ओढायचं उपकरण, हा विषय घेतला. औषधाचे कण 1 ते 5 मायक्रॉनचे असले तर खोल फुप्फुसात उतरतात. त्याहून मोठे घशात अडकतात, अगदी बारीक झाले तर बरेचसे श्वासाबरोबर परत बाहेर येतात. माझी पावडर इम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कण आकारानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात, सुरेख उतरायची. मिनिटाला 60 लिटर हवा खेचून आम्ही ती तपासत होतो.

मग ओपीडीत एक आजी भेटल्या. फुप्फुसं कडक झालेली, एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागायचं. इन्हेलर ओढताना त्यांचे गाल आत गेले, पण कॅप्सूलमधली बरीच पावडर तशीच राहिली. या इन्हेलरमधली पावडर पेशंटच्या स्वतःच्या श्वासाच्या जोरावर सुटते, हे मी परीक्षेत कितीदा लिहिलं होतं! दुसऱ्या दिवशी हवा 30 लिटरवर आणून चाचणी घेतली. आकडे कोसळले. पुढचं दीड वर्ष त्या आजींना झेपेल अशी पावडर करण्यात गेलं, आणि माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम आहे.

कॅन्सर की फुप्फुसाचे आजार, असंही मुलं विचारतात. एवढी फारकत करू नका. ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध, पण त्यानं फुप्फुसात फायब्रोसिस होऊ शकतो, म्हणजे त्या आजींसारखी फुप्फुसं कडक होऊ शकतात. म्हणून तर उंदरांमध्ये फायब्रोसिस घडवून अभ्यासायला तेच वापरतात. निंटेडॅनिबचा प्रवास उलटा: ट्यूमरला रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून शोधलेला रेणू 2014 साली अमेरिकेत फायब्रोसिससाठी मंजूर झाला. दोन्हीकडचं वाचणाऱ्याला असे दुवे सापडतात.

आता सेल कल्चरबद्दल, म्हणजे लॅबमध्ये पेशी (सेल) वाढवण्याबद्दल. ए549 ही फुप्फुसाच्या कॅन्सरची सेललाइन, म्हणजे सतत वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी, बहुतेक लॅबमध्ये असते. कुणी पेशींचा फ्लास्क दिला की आधी मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची टेस्ट करा, मगच तो इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी 37 अंशांवर ठेवायच्या कपाटात ठेवा. मायकोप्लाझ्मानं मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते द्रव) गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही. माझं सहा महिन्यांचं एमटीटीचं, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत हे मोजण्याच्या चाचणीचं, काम त्यात गेलं. आणखी एक, खास आपल्या गावासाठी: साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना लॅबचा एसी बंद पडला की आतलं तापमान 37 च्या वर जातं आणि सेल मरतात. म्हणून बॅकअप लाइनवर एसीही घ्यायला लावा.

उंदरांवर काम असेल तर प्राण्यांच्या एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्याच सत्रात टाका. परवानगीला महिने लागतात आणि त्याशिवाय एकाही प्राण्याला हात लावता येत नाही.

गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या मोजत बसू नका. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर चहा घ्या. फसलेला प्रयोग सरांना कधी दाखवता, एवढंच विचारा. "त्याच दिवशी" असं उत्तर आलं, तर तिथे अर्ज करा.