राऊटर नवा, हार्डडिस्क नवी, आणि फोटो गायब? या चुका टाळा

दिवाळीचे सेल आटोपले की माझा सीझन सुरू होतो. 'त्याला कॉम्प्युटरचं कळतं' असा सोसायटीत एकदा शिक्का बसला की सुटका नसते. यंदा पहिला फोन तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. "अरे, मुलाने सुट्टीत नवा राऊटर लावला, फोटो ठेवायचा नवा डबाही आणला आणि गेला बंगळुरूला. आता डब्यात काहीच दिसत नाही. वीस वर्षांचे फोटो आहेत रे त्यात!"

डबा म्हणजे नॅस. वायफायवरून घरातल्या सगळ्यांना उघडता येईल अशी हार्डडिस्कची पेटी. मुलाने सकाळी जुन्या राऊटरवरच नवा नॅस लावला, फोटो उतरवले, जुन्या नॅसचा नेटवर्कवरचा १९२.१६८.१.५० हाच पत्ता नव्याला दिला. संध्याकाळी राऊटर बदलला आणि रात्रीची बस पकडली. नवा राऊटर मात्र १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते वाटत होता. मधला एक आकडा बदलला आणि डबा त्याच टेबलावर राहून परगावी गेल्यासारखा झाला. फोटो जागच्या जागी होते. नव्या राऊटरच्या लॅन, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ केला, तो रीस्टार्ट केला, पाच मिनिटांत सगळं दिसायला लागलं. पण मी पोचण्याआधी मुलाने फोनवरून काकूंना नॅसच्या मागचं रीसेटचं बटण टाचणीने दाबायला सांगितलं होतं. नशीब, टाचणी सापडली नाही.

दोन्ही एकाच दिवशी बदलणं

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच असतं. राऊटर आणि नॅस एकत्र बदलले की बिघाड कुठे आहे ते कळायला मार्ग उरत नाही. आधी राऊटर बदला. चार-पाच दिवस टीव्ही, प्रिंटर, ऑफिसचा लॅपटॉप सगळं नीट चालू द्या. मग नॅसला हात लावा.

जुना राऊटर काढण्याआधी त्याच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. इंटरनेटच्या पानावर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने होणारी जोडणी) असेल तर युजरनेम आणि व्हीलॅनचा (कंपनीने जोडणीला दिलेला) आकडा. पासवर्ड तिथे ठिपक्यांतच दिसतो, तो कंपनीकडून आधीच मागून ठेवा, रविवारी संध्याकाळी कोणी फोन उचलत नाही. लॅनच्या पानावर राऊटरचा स्वतःचा पत्ता आणि कोणत्या उपकरणाला कोणता पत्ता राखून ठेवलाय ती यादी. बरेच स्थानिक केबलवाले तुमच्या राऊटरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे नोंदवून ठेवतात. अशा ठिकाणी नवा राऊटर कितीही भारी असो, त्यांनी नोंद बदलेपर्यंत इंटरनेट येत नाही आणि लोक राऊटर परत करून मोकळे होतात.

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा. मग घरातले दहा-पंधरा फोन, टीव्ही, बल्ब आपसूक जोडले जातात. जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग तरीही जोडला जात नसेल तर वायफायची सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए ३ या नव्या पद्धतीवर आहे का ते बघा. डब्ल्यूपीए २ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय असतो, तो निवडा.

राऊटरमागे राऊटर

फायबरवाल्याने भिंतीवर लावलेली पेटी बहुतेक वेळा स्वतःच राऊटर असते. तिच्यात आपण नवा राऊटर खुपसतो आणि घरात दोन नेटवर्कं तयार होतात, एकाच्या पोटात दुसरं. नॅस भिंतीवरच्या पेटीला आणि लॅपटॉप नव्या राऊटरवर असेल तर गंमत बघा: पत्ता टाईप केला तर नॅस उघडतो, पण नेटवर्कच्या यादीत दिसत नाही. टीव्ही नव्या राऊटरवर असेल तर त्याला तो सापडतच नाही. उलट मांडणीत, म्हणजे नॅस आत आणि लॅपटॉप बाहेर, काहीच उघडत नाही.

ओळखायचं कसं? नव्या राऊटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेटचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर तुमच्याकडे हाच प्रकार आहे. एक तर कंपनीकडून भिंतीवरची पेटी ब्रिज मोडवर (म्हणजे तिचं राऊटरचं काम बंद) करून घ्या, नाहीतर नवा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे तो फक्त वायफाय देईल) टाका. माझं मत विचाराल तर दुसरा मार्ग. फोन करावा लागत नाही आणि पेटीला जोडलेला लँडलाइन बिघडत नाही. फक्त पेटीचं स्वतःचं वायफाय बंद करायला विसरू नका. नाहीतर फोन जुन्याच वायफायला चिकटून बसतो आणि आपण नव्याला शिव्या घालतो.

आठातल्या चार तारा

माझ्या मेव्हण्याने नवा नॅस घेतला तेव्हा कॉपी होण्याचा वेग ११ मेगाबाइटवर खिळलेला. त्याने नॅस बदलून घेतला. पुन्हा ११. हा आकडा दिसला की नॅसकडे बघायचंच नाही, केबलकडे बघायचं. १०० मेगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला साधारण ११-१२ मेगाबाइट, गिगाबिटची म्हणजे ११०च्या आसपास. २ टेराबाइट फोटो-व्हिडिओ पहिल्या वेगाने उतरवायला ५० तास लागतात, दुसऱ्या वेगाने ५.

त्याच्या हॉलमधल्या भिंतीतला सॉकेट उघडला. केबलच्या आठ तारांपैकी चारच टोचलेल्या, उरलेल्या चार इलेक्ट्रिशियनने इंटरकॉमला वापरलेल्या. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, त्यामुळे इतकी वर्षं कोणाला पत्ता नव्हता. गिगाबिटला आठही लागतात. इंटरकॉमला वेगळी वायर टाकली आणि वेग दहापट झाला. गिगाबिटला जास्तीच्या लागणाऱ्या या चारपैकी एक तार जरी तुटली तरी जोडणी बहुतेक वेळा मुकाट्याने १०० वर उतरते, कुठेही लाल दिवा लागत नाही. म्हणून विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघायची सवय लावा.

नवी केबल टाकायची तर कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात चालतं. दुकानदार कॅट ७ म्हणून जे गळ्यात मारतो त्याची टू बीएचकेमध्ये गरज नाही. वेष्टनावर 'सीसीए' लिहिलंय का तेवढं मात्र बघा. ती अ‍ॅल्युमिनियमची तार असते, वर तांब्याचा पातळ मुलामा. ब्लेडने खरवडली की पांढरी दिसते. वाकवताना लवकर तुटते.

कोणतीही डिस्क उचलणं

काही हार्डडिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांच्यातले माहितीचे पट्टे कौलारू छपरासारखे एकावर एक चढवलेले असतात, म्हणून कमी जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली बाजूची कौलंही उचलावी लागतात, तसंच इथेही होतं. फोटो एकदा ठेवून दिले तर काही बिघडत नाही. दोन डिस्कच्या नॅसमध्ये एक मेली आणि नवीवर सगळं परत उतरवायची वेळ आली की ही डिस्क धापा टाकते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या काही रेड डिस्क एसएमआर निघाल्या आणि जगभर आरडाओरडा झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआरच्या, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या काढल्या. तेव्हा डब्यावरच्या 'नॅस' या शब्दावर जाऊ नका, मॉडेल नंबर टाकून सीएमआर आहे ना ते बघा.

आणि दोन डिस्क असल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. रेड १ (RAID 1, दोन्ही डिस्कवर तेच ठेवायची पद्धत, वरच्या रेड डिस्कशी संबंध नाही) मध्ये एका डिस्कवर पुसलेला फोल्डर दुसरीवरून त्याच क्षणी पुसला जातो. डिस्क मेली तर ही सोय वाचवते. नातवाने डिलीट दाबलं तर नाही.

फोटो हलवताना

कट-पेस्ट कधीच करू नका. मध्येच वीज गेली तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे. पहिली कॉपी केबल लावून करा, वायफायवर नको. विंडोजवर त्यातलीच रोबोकॉपी ही कॉपी करायची आज्ञा वापरा, मध्ये तुटलं तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, उतरलेल्या फाइल्स तो सोडून देतो.

मराठीत फोल्डरची नावं ठेवणाऱ्यांसाठी एक वेगळीच खोच. 'ऱ' हे अक्षर कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवलं जातं: अख्खं, किंवा र आणि खाली नुक्ता असं फोडून. जुन्या मॅकच्या डिस्क ते फोडून ठेवतात. तिथून कॉपी केल्यावर नॅसवर 'सह्याद्रीच्या दऱ्या' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसू शकतात, दिसायला हुबेहूब, आतले फोटो वेगवेगळे. मी एकदा त्यातला एक 'डुप्लिकेट' म्हणून उडवणार होतो.

नॅस अचानक उघडेनासा झाला तर

विंडोज ११ प्रो २४एच२ वर अपडेट झालं आणि त्याच दिवसापासून नॅस पासवर्डशिवाय उघडत नाही, ही तक्रार नेहमीची. पासवर्ड नसलेला गेस्ट प्रवेश त्या आवृत्तीत मुळातच बंद आहे. नॅसवर प्रत्येकाच्या नावाने युजर बनवा, पासवर्ड द्या, संपलं. यूट्यूबवर बघून एसएमबी १ (नेटवर्कवरून फाइल्स उघडायची जुनी पद्धत) चालू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर पसरलं ते याच जुन्या दारातून.

बाहेरगावाहून फोटो बघता यावेत म्हणून राऊटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडणं ही याहून मोठी चूक. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस शोधून शोधून कुलूपबंद केले. शिवाय वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर पोर्ट उघडून उपयोगही नसतो, कंपनीने बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेलं असतं. टेलस्केलसारखी, आपलीच उपकरणं खासगी नेटवर्कने जोडणारी सोय बसवा, ती पोर्ट न उघडताही चालते आणि अशा पत्त्यामागूनही.

राऊटरच्या मागेच यूएसबी ३ ची डिस्क लावून नॅसचं काम भागवत असाल आणि त्यानंतर २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय तुटक झालं असेल, तर डिस्क लांब केबलने दूर ठेवून बघा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पसरतो, इंटेलनेच २०१२ मध्ये हे मोजून दाखवलं होतं.

विजेचं थोडक्यात: घरात इन्व्हर्टर असला तरी वीज जाऊन तो लागेपर्यंतच्या क्षणात नॅस झटका खाऊ शकतो. यूएसबी केबलने नॅसला निरोप देणारा यूपीएस घ्या. वीज जास्त वेळ गेली तर नॅस स्वतःहून नीट बंद होतो. राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस राऊटरलाच लावा, दोन डिस्कचा नॅस त्याला झेपत नाही.

काकूंकडून निघताना मी जुना नॅस मागितला नाही, विकूही दिला नाही. तो आता त्यांच्या सांगलीच्या बहिणीकडे कपाटात आहे. गणपतीला काकू गेल्या की सोबत एक पोर्टेबल डिस्क नेतील आणि वर्षभराचे नवे फोटो त्या नॅसमध्ये टाकून येतील. निघण्याआधी मी म्हटलं, "काकू, कोणतंही एक जुनं साल सांगा." त्या म्हणाल्या, २००९. फोल्डर उघडला, एक व्हिडिओ लावला. काका स्कूटरला किक मारत होते, स्कूटर सुरू होत नव्हती. काकू म्हणाल्या, "टीव्हीवर दिसेल का रे हे?" मग टीव्ही जोडायला अजून अर्धा तास.