कथकची परीक्षा: तोडे होतात, पढंत आधी घ्या

नवरात्रीच्या नऊ रात्री गरबा, मग दिवाळी, आणि लगेच नोव्हेंबर-डिसेंबरचं परीक्षेचं सत्र, त्यामुळे बडोद्यात कथकच्या मुलींचा सराव नेमका नको तेव्हा मागे पडतो. प्रारंभिक, प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलींच्या आया मला विचारतात, ताई, किती तोडे पाठ हवेत? अहो, तोडे, म्हणजे नाचायचे छोटे तुकडे, होतात, क्लासमध्ये घोटून घेतलेले असतात. मुली अडकतात पढंतला, म्हणजे तेच बोल तालात तोंडाने म्हणण्याला.

फॉर्म, ड्रेस, वेणी यावर काही सांगत नाही. फक्त नवीन घुंगरू परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा बांधू नका, दोरी काचते आणि सगळं लक्ष पायाकडे जातं. तत्कार, म्हणजे पायाचं काम, ठाय (संथ), दुगुन (दुप्पट), चौगुन (चौपट) लयीत रोज करा, त्याला पर्याय नाही.

आता पढंत. तोंडाने बोल म्हणायचे आणि हाताने टाळी-खाली दाखवायची (खाली म्हणजे टाळी न देता नुसता हात दाखवायची मात्रा), एवढंच काम, पण तोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे असं होतं आणि मूल गप्प होऊन उभं राहतं. "आधी नाच बसू दे, पढंत शेवटच्या आठवड्यात बघू" असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. ग्रुपमध्ये नाचताना शेजारणीकडे बघून निभावता येतं, पढंतला तुम्ही एकट्या असता. मलाही सुरुवातीला हेच सगळ्यात जड गेलं होतं, म्हणून एवढं तावातावाने सांगतेय.

साधी तीनतालाची तिहाई, म्हणजे तीनदा म्हणायचा एकच तुकडा, घ्या: तिग दा दिग दिग थेई. पाच मात्रा, मग एक मात्रा दम (थांबा), असं तीनदा. समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, उचलली की शेवटचा थेई बरोबर पुढच्या समेवर येतो. आता हात बघा. सोळा मात्रांत टाळी 1, 5 आणि 13 वर, खाली 9 वर. पहिल्या वेळी टाळी तिगवर पडते आणि मग थेईवर. दुसऱ्या वेळी तिग सातव्या मात्रेला येतो, म्हणजे खाली पहिल्या दिगवर, आणि थेई येतो अकरावर, तिथे टाळी नाहीच. तिसऱ्यांदा तिग तेरावर, टाळीसकट, आणि मग सम. बोल तेच, हात मात्र मधल्या वेळी वेगळ्या अक्षरावर.

आपल्याकडच्या मुलींना इथे गरब्याची सवय आडवी येते. गरब्यात पाऊल आणि टाळी बरोबर जातात, जोर आला की टाळी, त्यामुळे अकराव्या मात्रेच्या थेईवरही त्या जोरात टाळी देतात आणि तिथून सगळं घसरतं. पहिला थेई पाचवर असल्यामुळे बरोबर येतो, म्हणून चूक लवकर कळतही नाही.

उपाय असा की बोल बाजूला ठेवा. आधी नुसता हात चालवा, मधल्या मात्रा बोटांवर मोजा, तोंडाने फक्त एक ते सोळा आकडे. लेहरा (तालाच्या आवर्तनात फिरणारी धून) लावा, पण संथ, मोबाईलवर लय वाढवायची घाई नको. हात विचार न करता चालायला लागला की बोल घाला. मग घरातल्या कोणीतरी मध्येच "थांब, कितवी मात्रा?" असं विचारायचं. उत्तर आलं तरच पुढे, नाहीतर परत आकडे. मूल रडकुंडीला आलं तर तेवढ्यापुरतं थांबा, पण ही पायरी गाळू नका, मी कोणालाच गाळू देत नाही. दुगुनला पण हेच, तोंड दुप्पट, हात जिथे होता तिथेच. आणि बोल पुटपुटू नका, पोटातून म्हणा, परीक्षकांना प्रत्येक बोल ऐकू आला पाहिजे.

परीक्षेत चुकलं तर हात थांबवायचा नाही. बोल सुटले तरी चालतील, हात चालू ठेवा आणि पुढची सम पकडून परत उचला, "सॉरी सर, परत करू?" हे मध्येच म्हणायचं नाही.

दहा मात्रांच्या झपतालाचा ठेका (तालाचे ठरलेले बोल) टाळीसकट असाच करा, विभाग 2-3-2-3, खाली सहाव्या मात्रेवर. व्याख्या आणि अभिनयदर्पणातल्या 28 असंयुक्त (एका हाताच्या) हस्तमुद्रांचा श्लोक क्लासला जाता-येता स्कूटरवर मागे बसूनही पाठ होतो.