सर्व्हरवर डिस्क कोटा लावताय? मग या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आकडा टाकताना. डिस्क कोटा म्हणजे प्रत्येक युजरला डिस्कवर किती जागा वापरता येईल याची मर्यादा, आणि लिनक्सवर ती लावणारी कमांड सेटकोटा नुसता आकडा १ केबीच्या हिशोबात धरते, म्हणजे ५ जीबी द्यायचे तर ५२४२८८० टाकावं लागतं, आणि लोक एमबी समजून ५००० टाकतात, मग बिचाऱ्या युजरला जेमतेम ५ एमबी मिळतात. सरळ ५जी लिहा ना, चालतं ते. आणि टेस्ट रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या अॅडमिन खात्याने, करू नका, रूटला कोटा अडवतच नाही.

दुसरं म्हणजे सॉफ्ट लिमिट, ती थोडे दिवस ओलांडता येते, हार्ड लिमिट मात्र कधीच नाही. सॉफ्ट ५ जीबी, हार्ड १० जीबी ठेवलं आणि युजर ७ जीबीवर गेला तर लगेच काही होत नाही, ग्रेस पिरियड म्हणजे सवलतीची मुदत सुरू होते, ती बदलली नसेल तर ७ दिवसांची असते, आणि ती संपली की सॉफ्ट लिमिटच हार्डसारखी वागायला लागते. मग युजरचा फोन येतो की अजून ३ जीबी शिल्लक दिसतायत तरी फाइल सेव्ह होत नाही. कोणाचा कोटा किती भरला ते दाखवणारी रेपकोटा कमांड चालवा, ग्रेसच्या कॉलममध्ये 'नन' दिसलं की समजा मुदत संपली. आता नुसती हार्ड लिमिट वाढवून उपयोग नाही, युजरला सॉफ्टच्या खाली तरी आणा नाहीतर सॉफ्टच वाढवा. खरं तर मुदत चालू असतानाच त्याला मेल जायला हवा, वॉर्नकोटा कमांड त्यासाठीच आहे आणि ती क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवतं ते) लावायचा कंटाळा करू नका प्लीज.

फाइलींची संख्या म्हणजे आयनोड, तिलाही लिमिट लावा. वेबसाइटच्या लॉगिन सेशनच्या बारक्या फाइली साचून आयनोड संपले तर जागा असूनही 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं, हे डीएफ मायनस आय या कमांडने कळतं. एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर फोल्डरला प्रोजेक्ट कोटा (युजरऐवजी फोल्डरवरची मर्यादा) लावला असेल तर तो भरल्यावरही हाच मेसेज येतो, त्यामुळे डिस्क रिकामी दिसली तर आधी तिथे बघा. आणि एक्सएफएसवर कोटा नुसत्या रीमाउंटने चालू होत नाही, डिस्क अनमाउंट करून (सिस्टिमपासून काढून) परत माउंट करावी (जोडावी) लागते.

कोटा फाइलच्या मालकाच्या नावावर चढतो हेही विसरू नका, वेबसाइटवरचे अपलोड वेब सर्व्हरच्या युजरच्या नावाने पडत असतील तर क्लायंटचा कोटा रिकामाच दिसणार.

लॉग डिलीट करूनही जागा सुटली नाही तर ती फाइल कुठल्यातरी प्रोसेसने उघडी धरलेली असते, एलएसओएफ प्लस एल१ या कमांडने शोधा आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट करा.