जुनी पाठदुखी, मज्जासंस्था आणि मन: या चुका टाळा

जड उचलताना कंबरेत चमक भरली, चार दिवस शेक-तेल झालं, बरं वाटलं, विषय संपला. ही पाठदुखी या लेखाची नाही. इथे बोलायचंय ते तीन महिने उलटून गेले तरी न हटणाऱ्या दुखण्याबद्दल. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, ऑफिसात जास्त, भाचीच्या लग्नात नाचताना गायब, आणि पाहुणे गेल्यावर पुन्हा हजर. अशा दुखण्यात स्नायू-मणक्यांइतकाच मज्जासंस्थेचा हात असतो. उपचार मात्र निव्वळ मणक्यावर चालू राहतात आणि चुका तिथूनच सुरू होतात.

रिपोर्ट वाचून घाबरणं

'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली चकती फुगणं), 'डीजनरेटिव्ह चेंजेस' (झीज), 'एल फोर-एल फाइव्ह' (कंबरेतला चौथा-पाचवा मणका). हे शब्द वाचले, की माणूस आपली पाठ काचेची आहे असं समजून चालू लागतो. शेजारी त्यात भर घालतात: गादी सरकलीय, मणक्यात गॅप आलाय, आता जन्मभर जपायचं.

२०१५ साली अनेक अभ्यासांचा एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. चकती फुगलेली असण्याचं प्रमाण विशीतच ३० टक्के होतं, पन्नाशीत ६०. आणि दुखणं यांतल्या कुणालाच नव्हतं. म्हणजे रिपोर्टात झीज दिसली म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं धरता येत नाही. पायात उतरणारी कळ, मुंग्या, कमी झालेली ताकद यांच्याशी स्कॅन जुळतो का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा. जुळत नसेल, तर तो कागद फाइलला लावून टाका. दर सहा महिन्यांनी नवा काढू नका.

'मनाचं आहे' हे ऐकून चिडणं, किंवा दुसऱ्याला ते ऐकवणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. घरचे म्हणतात, 'कामाच्या वेळीच बरी दुखते हिची पाठ!' दुखणारी व्यक्ती म्हणते, 'मी काय नाटक करतेय?' मग ते नाटक नाही हे सिद्ध करण्यासाठी तपासण्यांची रांग लागते.

प्रत्यक्षात घडतं ते असं. स्नायूतल्या, सांध्यातल्या मज्जातंतूंची टोकं धोक्याचा इशारा पाठवतात. तो इशारा मज्जारज्जूत पोचतो, आणि तिथे तो जसाच्या तसा वर जात नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही शब्द चालतो. त्या मांडणीतले काही तपशील पुढे बदलले, मूळ गाभा टिकला. मध्यमेंदूतून खाली येणारे मार्ग इशारा दाबूही शकतात, वाढवूही शकतात. भीती, चीड, जागरण, 'आता नोकरी जाणार' हा घोर या सगळ्यांचा त्या मार्गांवर परिणाम होतो.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणारे अमेरिकी डॉक्टर हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी सैनिकांना, वेदनेसाठी काही हवंय का, असं विचारलं. जेमतेम चारातला एक 'हो' म्हणाला. याच्या अगदी उलट एक घटना १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. एका बांधकाम मजुराच्या बुटातून १५ सेंटिमीटरचा खिळा आरपार गेला. खिळा जरा हलला तरी तो विव्हळत होता, त्याला भुलीची औषधं द्यावी लागली. बूट काढला तेव्हा दिसलं, खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता आणि पायाला ओरखडाही नव्हता. तो मजूर खोटं बोलत होता का? मुळीच नाही. त्याच्या मेंदूने डोळ्यांना दिसलेल्या पुराव्यावरून धोका ठरवला आणि वेदना खरोखरच निर्माण केली.

दुखणं लांबलं, की मज्जासंस्थेचा हा धोका ओळखायचा बंदोबस्त आणखी हळवा होतो. चोरी होऊन गेलेल्या घरचा कुत्रा पुढे पोस्टमनवरही भुंकतो, तसं. मज्जारज्जूतल्या पेशी अशा संवेदनशील होतात हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली दाखवलं. मग साधं वाकणं, गाडीचा छोटा धक्का, कधी कधी नुसता स्पर्शही दुखतो. 'मनाचं' आणि 'शरीराचं' अशी वाटणी करायला इथे जागाच उरत नाही. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेच्या २०२० सालच्या व्याख्येतही वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून अनुभव मानला आहे.

याच चुकीचं एक पिल्लू: डॉक्टर ड्युलॉक्सेटिन किंवा कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन लिहून देतात. पेशंट मोबाइलवर नाव शोधतो, 'ही तर डिप्रेशनची गोळी!' म्हणतो आणि परस्पर बंद करतो. मेंदूतून खाली येणाऱ्या त्याच मार्गांवर ही औषधं काम करतात, म्हणून वेदनेसाठीही दिली जातात. ती सगळ्यांना लागू पडत नाहीत आणि त्रासही होऊ शकतो. पण अचानक थांबवू नका, डॉक्टरांशी बोलून मात्रा हळूहळू उतरवा.

दुखणं थांबेपर्यंत हालचाल थांबवणं

हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर १९९५ साली झालेल्या चाचणीत नुकतीच पाठ धरलेल्यांचे तीन गट केले होते: दोन दिवस अंथरुणात विश्रांती, ठरावीक व्यायाम, आणि जमेल तसे रोजचे व्यवहार. सगळ्यांत लवकर सावरले ते रोजचे व्यवहार चालू ठेवणारे. आपल्याकडे मात्र कंबरपट्टा, फळीवर झोपणं आणि 'वाकायचं नाही' हा आजन्म हुकूम. वाकायची भीती जितकी मुरते, तितके स्नायू आवळलेले राहतात, ताकद जाते आणि मेंदूला वाटतं, वाकणं खरंच धोक्याचं असणार.

उलट टोकाची चूकही तितकीच सर्रास होते. एक दिवस बरं वाटलं, की एकदम सगळे माळे साफ करायचे, गाद्या उन्हात घालायच्या. दुसऱ्या दिवशी आडवं, पुढचे चार दिवस 'बघ, मी म्हटलं नव्हतं?'

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तो चालतो. वाईट दिवशीही जमेल एवढं चालणं ठरवा, समजा आठ मिनिटं. बऱ्या दिवशीही आठच. आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढवा. थांबायचं ते घड्याळ बघून, कळ आली म्हणून नव्हे.

*'चालायला लागलो आणि दुखणं वाढलं.'* थोडं वाढून दुसऱ्या दिवशीपर्यंत मूळ पातळीवर आलं, तर काही बिघडलेलं नाही, तेवढंच चालू ठेवा. दोन दिवस रेंगाळलं, तर वेळ निम्मी करा. पूर्ण बंद करू नका.

*'वाकायचीच भीती वाटते.'* खुर्चीत बसून हात गुडघ्यांकडून पोटऱ्यांकडे न्या, श्वास न रोखता. ते सवयीचं झालं, की उभ्याने टेबलापर्यंत वाका, मग रिकामी बादली उचला. भीती फारच घट्ट असेल, तर वेदनेवर काम करणारा फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांची मदत घ्या. अमेरिकेत बोल्डर इथे झालेल्या १५१ जणांच्या चाचणीत, पाठ सुरक्षित आहे हे मेंदूला पुन्हा शिकवणारी पद्धत वापरलेल्यांपैकी ६६ टक्के लोक महिन्याभरात जवळजवळ वेदनामुक्त झाले. त्यांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं, तेव्हा हा आकडा सगळ्यांना लावू नये.

झोप सोडून बाकी सगळं करणं

तेल, मलम, बेल्ट, महागडी गादी, सगळं होतं. झोप मात्र रात्री एकनंतर. अपुऱ्या झोपेने वेदना सोसण्याची क्षमता दुसऱ्याच दिवशी घटते. यावर आणखी काय सांगायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

सगळंच टेन्शनवर ढकलणं

हे सगळं पटलं, की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक कळ म्हणजे दबलेली भावना! हे धोक्याचं आहे. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, पाय लुळा पडत जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. संध्याकाळी येणारा बारीक ताप, उतरत जाणारं वजन आणि रात्री जागं करणारी पाठ असेल, तर मणक्याचा क्षयरोग वगळावा लागतो; आपल्या देशात तो दुर्मीळ नाही. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, बरेच महिने स्टेरॉइड चालू असतील, किंवा म्हातारपणी किरकोळ पडल्यावर पाठ दुखू लागली असेल, तर डॉक्टरांना दाखवायला थांबू नका. आणि चाळिशीच्या आतली पाठ सकाळी अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त आखडलेली राहत असेल, हिंडल्यावर मोकळी होत असेल, विश्रांतीने वाढत असेल, तर दाहक संधिवाताची शंका घ्यावी. अशा तरुणांना वर्षानुवर्षं 'बसायची पद्धत सुधार' एवढंच ऐकवलं जातं. त्यांना संधिवाततज्ज्ञाकडे न्या.