ग्रीक तत्त्वज्ञ आणि केमिस्ट्री: भाषण लिहिताना या चुका टाळा

सायन्स डे जवळ आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अणूचा शोध डेमोक्रिटसने लावला". शोधबिध काही नाही हो, वस्तू कापत गेलं तर शेवटी न कापता येणारा कण उरणारच असा त्याचा आणि त्याच्या आधीच्या ल्युसिपसचा तर्क होता, म्हणून नाव अ‍ॅटोमॉस. अणूंमध्ये फरक आकाराचा, क्रमाचा आणि कसे ठेवलेत त्याचा. हे समजवायला अ‍ॅरिस्टॉटलने ग्रीक अक्षरं घेतली, आपण 'रस' आणि 'सर' घेऊ, अक्षरं तीच पण क्रम फिरला की शब्दच वेगळा. कुठला अणू किती जड हा हिशोब मात्र इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टनचा, त्याचं पुस्तक १८०८ चं. डेमोक्रिटस आणि डाल्टन एका वाक्यात कोंबू नका.

दुसरी चूक मीपण केलीये, चार तत्त्वं अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर टाकायची. ती सिसिलीतल्या एम्पेडोक्लीसची, तो त्यांना 'मुळं' म्हणायचा. अ‍ॅरिस्टॉटलने गुणांच्या जोड्या लावल्या: पाणी थंड-ओलं, हवा गरम-ओली, आग गरम-कोरडी, माती थंड-कोरडी. पाठ होत नसेल तर चौकोन काढा आणि एकेक गुण बदलत फिरा, थंडचं गरम केलं की पाण्याची हवा झाली, आता एवढं पटलं की शिशाचं सोनं करू बघणारे पुढचे किमयागार वेडे वाटत नाहीत. आणि प्लीज यात पंचमहाभूतं मिसळू नका, अ‍ॅरिस्टॉटलचं पाचवं तत्त्व ईथर फक्त वर ग्रहताऱ्यांचं, आपल्या आकाशाचा गुण शब्द म्हणजे आवाज, दोन्ही वेगळं.

"ग्रीक नुसते विचार करायचे, प्रॅक्टिकल शून्य" हे तर सगळ्यात जास्त खटकतं. तळाला भोकं असलेलं भांडं, वरचं तोंड बोटाने बंद करून पाण्यात बुडवलं तर पाणी आत शिरत नाही, कारण आत हवा अडून बसलीये, हे एम्पेडोक्लीसने लिहून ठेवलंय. घरी स्ट्रॉने करून बघा, वरचं टोक अंगठ्याने दाबून ग्लासात घाला.

अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस तर चक्क रेसिपी देतो: मडक्यात व्हिनेगरवर शिसं ठेवा, साधारण दहा दिवसांनी उघडा, वर आलेला बुरशीसारखा थर खरवडा, परत ठेवा. त्याचा होतो सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, जो तिकडच्या बायका तोंडाला फासायच्या, विषारी असूनही.